पाच माणसं, दोन खोल्या आणि तीन कोटेशनं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या सहकारनगरचं कुटुंब: नवरा-बायको, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या आजी. मे महिन्यात सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची क्रूझ करायची आहे. क्रूझ कंपनीच्या साइटवर ‘माणशी ३६,००० रुपयांपासून’ असं दिसतं. एका एजंटाने चौघांना एक खोली आणि आजींना वेगळी खोली धरून माणशी ६१,७०० सांगितले. एक टूर कंपनी विमान, सिंगापूरच्या दोन रात्री, सगळं मिळून माणशी १,४५,००० म्हणते. यातला खरा भाव कोणता? आणि दिवाळी झाल्या झाल्या बुकिंग करावं, की ऐनवेळी भाव पडतात त्याची वाट बघावी?

मी बावीस वर्षं टिळक रोडवरच्या एका लहानशा ऑफिसात बसून हेच विकते आहे, तेव्हा माझं उत्तर विकणाऱ्या बाईचं आहे हे आधीच सांगून टाकते. तिन्ही भाव खरे आहेत. फसवणूक कुठेच दिसत नाही. पण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींचा भाव सांगितलाय आणि तुम्ही ते शेजारी शेजारी ठेवून बघताय. मंडईत एकाने मेथीची जुडी सांगितली, दुसऱ्याने निवडलेली मेथी आणि तिसऱ्याने मेथीची भाजी, तर ‘स्वस्त कोण?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

आधी ते ३६,००० सोडवू. क्रूझचा ‘पासून’ भाव नेहमी एका खोलीत दोन मोठी माणसं धरून माणशी सांगितलेला असतो. खोली सगळ्यात स्वस्तातली, म्हणजे आतली, खिडकी नसलेली. त्यावर बंदराचे कर आणि शुल्क येतं, ते मूल असो की आजी, प्रत्येक डोक्याला सारखं. शिवाय जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठी रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर ती साधारण १६ ते २० डॉलर माणशी रोज पडते, आणि आधी भरली नाही तर शेवटच्या दिवशी खोलीच्या बिलात येते. एक गंमत सांगते. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात जाहिरातीतला भाव सगळी सक्तीची शुल्कं धरूनच दाखवायचा असा कायदा लागू झाला आणि मोठ्या क्रूझ कंपन्यांनी तो नियम अमेरिकाभर पाळायला सुरुवात केली. त्यामुळे एकच सफर अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या स्क्रीनवर महाग दिसते आणि इथल्या जाहिरातीत स्वस्त. दोन्हीकडे बेरीज शेवटी तीच येते. आणि तिथला भाव खरोखरच कमी दिसला, तरी बरेचसे भाव त्या त्या देशाच्या रहिवाशांसाठी असतात. न्यू जर्सीच्या मावसभावाला तिकीट काढायला लावण्याआधी अटी वाचा.

आता एजंटाचे ६१,७००. माणशी आकडा बाजूला ठेवा, पाच जणांचा घ्या: ३,०८,५००. मी सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरते आणि तुमच्या ३६,००० वरून मूळ भाडं ४०० डॉलर. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा कमी असतं, ते समजा २५० डॉलर. बंदर-कर ११० आणि चार दिवसांची ग्रॅच्युइटी ७२. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या सफरीचे घालून तुम्हीच करून बघा.

चौघांच्या खोलीत दोघांचे ८००, मुलांचे ५००. आजी एकट्या एका खोलीत, आणि इथेच मेख आहे. क्रूझ कंपनी माणूस विकत नाही, खोली विकते. खोलीत एकटा माणूस राहिला तरी बहुतेक वेळा दोघांचं भाडं लागतं. म्हणजे आजींचे ८००. भाड्याचे झाले २,१००, त्यावर पाच जणांचे बंदर-कर ५५० आणि ग्रॅच्युइटी ३६०, एकूण ३,०१० डॉलर. एजंट डॉलर ९० ने नाही, ९३ ने लावतो. धंद्यात याला आरओई म्हणतात आणि बँकेच्या दरापेक्षा तो दोन-तीन रुपये वर असतोच. झाले २,७९,९३०. त्यावर ५ टक्के जीएसटी आणि मग टीसीएस (बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा आयकर), कोटेशन दिलं तेव्हाच्या, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतच्या दराने ५ टक्के. बेरीज ३,०८,६०० च्या घरात जाते. तुमच्या एजंटाचा आकडा जवळपास तेवढाच आहे. म्हणजे बिचाऱ्याने काही जास्त लावलेलं नाही. त्याने फक्त खोल्या चुकीच्या पाडल्या आहेत.

तीन आणि दोन करा. तुम्ही दोघं आणि मुलगा एका खोलीत, आजी आणि नात दुसऱ्या खोलीत. भाडं: चार जणांचे पूर्ण १,६००, मुलाचे २५०. बंदर-कर आणि ग्रॅच्युइटी तीच. एकूण २,७६० डॉलर. त्याच ९३ ने आणि त्याच करांनी हिशोब २,८३,००० च्या आसपास येतो. साडेपंचवीस हजार वाचले, आजी एकट्या पडल्या नाहीत आणि वरच्या फोल्डिंग बर्थवर चढायला दोन मुलांऐवजी एकच राहिलं. आजी-नात जोडीचे फायदे वेगळे सांगायला नकोत. अट एवढीच की प्रत्येक खोलीच्या बुकिंगमध्ये एक मोठं माणूस हवं, ते इथे आहेच. शेजारशेजारच्या खोल्या मागा. मधलं दार असलेल्या जोडखोल्या मिळाल्या तर उत्तमच, पण त्या थोड्या असतात आणि लवकर जातात.

माणसं कशी बसवायची हा क्रूझच्या भावातला सगळ्यात मोठा खेळ आहे. सवलतीच्या कुपनात कधी एवढे पैसे वाचत नाहीत. तरीही माझ्याकडे येणाऱ्या दहातले आठ जण पहिला प्रश्न विचारतात, ‘डिस्काउंट किती?’

वरच्या हिशोबातला टीसीएस हा खर्च धरू नका. तो तुमच्या पॅनवर जमा होणारा आयकर आहे आणि रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. फक्त तो पॅन अशा माणसाचा द्या ज्याचं रिटर्न दरवर्षी भरलं जातं. आजींच्या नावावर बुकिंग करून मग त्यांचं रिटर्नच भरायचं नाही, असं केलं तर ते पैसे गेले. याचे दर वारंवार बदलतात: १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के झाले, १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाखांवर गेली, आणि १ एप्रिल २०२६ पासून परदेशी टूरवर सरसकट २ टक्के झाले. पैसे भरायच्या दिवशी काय लागू आहे ते एजंटाकडून लेखी घ्या. दोन कोटेशनांची तुलना करताना टीसीएस दोन्हीकडून वगळा, आणि आरओई दोन्हीकडे लिहून मागा. डॉलरमध्ये भाव सारखा आणि रुपयात आठ हजारांचा फरक, असं का होतं ते तिथे कळतं.

टूर कंपनीच्या १,४५,००० बद्दल थोडक्यात. त्यातून क्रूझचे माणशी साधारण ५६,६०० वजा करा, उरतात ८८,४००. त्यात मुंबईहून विमान, हॉटेलच्या दोन रात्री, स्थलदर्शन, व्हिसा, विमा आणि सोबत टूर मॅनेजर. हे महाग की स्वस्त ते तुमच्या गरजेवर आहे. पहिलाच परदेश प्रवास, सोबत ७१ वर्षांच्या आई, तर इमिग्रेशनच्या रांगेत मराठी बोलणारा माणूस असणं याला किंमत आहे, आणि मी प्रतिस्पर्ध्याची बाजू घेऊन हे लिहिते आहे. मात्र दोन गोष्टी विचारा: खोली आतली की बाहेरची, आणि ग्रॅच्युइटी धरली आहे का. ‘ऑल इन्क्ल्यूड’ या शब्दाखाली ग्रॅच्युइटी कधी असते, कधी नसते.

आता तारखांकडे येऊ. खोल्यांखालोखाल पैसे इथेच वाचतात.

आपली मे महिन्याची सुट्टी ही भारतात गर्दीची, पण जगात बऱ्याच ठिकाणी ती गर्दीची नसते. सिंगापूरच्या शाळांची वर्षाच्या मधली सुट्टी मे अखेरीस सुरू होऊन जूनभर चालते. म्हणजे मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत, १ मे आणि वेसाक डेला (बुद्ध पौर्णिमा) जोडून येणारे वीकेंड सोडले, तर तिथले स्थानिक लोक शाळा-ऑफिसात असतात आणि जहाजावर जागा असते. त्यातही शुक्रवारी सुटणाऱ्या तीन रात्रींच्या सफरीपेक्षा सोमवारी सुटणारी चार रात्रींची सफर अनेकदा तेवढ्याच पैशात बसते. एकूण भाव न बघता रात्रींनी भागून बघा. भूमध्य समुद्रातही तेच आहे. तिथली झुंबड जुलै-ऑगस्टची, मे महिना अजून चढणीचा. अलास्काचा हंगाम मे ते सप्टेंबर, त्याची दोन्ही टोकं स्वस्त आणि मे आपल्याला सोयीचा. दिवाळीच्या सुट्टीत भूमध्याचा हंगाम उतरणीला लागलेला असतो आणि आखातातला, म्हणजे दुबई-अबुधाबीचा, नुकताच सुरू होत असतो. उलट ख्रिसमस आणि नववर्षाला दुबई म्हणाल तर भाव आभाळाला भिडलेले. पुणेकरांना शाळेच्या तारखांमुळे आपण अडकलोय असं वाटतं. समुद्रावर मात्र त्याच तारखा आपल्या पथ्यावर पडतात. अडचण विमानाची आहे, कारण मुंबईतून मेमध्ये सगळेच उडतात. म्हणून मी उलट्या क्रमाने जाते: आधी विमानाचे भाव बघून आठवडा पक्का करायचा, मग त्या आठवड्यातलं जहाज.

घ्यायचं कधी? तुमच्यासाठी उत्तर स्पष्ट आहे: आत्ता. पण सगळ्यांसाठी नाही, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे.

तीन-चार माणसांच्या खोल्या जहाजावर मर्यादित असतात. शिवाय माणसांची मोजदाद नुसत्या बर्थवर होत नाही, लाइफबोटींवरही होते. प्रत्येक खोली एका असेंब्ली स्टेशनला, म्हणजे संकटात जमायच्या जागेला, जोडलेली असते आणि तिथली माणसांची संख्या भरली, की त्या भागातल्या रिकाम्या खोलीतही तिसरा माणूस घालता येत नाही. म्हणून साइटवर दोघांसाठी शोधलं तर पन्नास खोल्या दिसतात आणि तिघांसाठी शोधलं तर ‘उपलब्ध नाही’. मुलं असलेल्या कुटुंबाने ऐनवेळेची वाट बघणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडवर पार्किंग शोधणं. मिळालं तर नशीब.

ऐनवेळेचा भाव आहे कोणासाठी? निवृत्त जोडपी, शाळेचं बंधन नाही, व्हिसा हातात किंवा सहज मिळणारा, आणि कुठलीही खोली चालेल अशी तयारी. माझ्याकडे प्रभात रोडचं एक जोडपं आहे, त्यांची बॅग कायम भरलेली असते. फायनल पेमेंटची तारीख उलटली, की ज्यांनी रद्द केलं त्यांच्या खोल्या परत विक्रीला येतात. त्या सुमाराला मी त्यांना फोन करते. ते दोन वर्षांतून एकदा ‘हो’ म्हणतात आणि तो सौदा खरोखर मस्त असतो. पण तेसुद्धा विमानाचा भाव बघूनच. क्रूझवर पंधरा हजार वाचवून ऐनवेळच्या विमान तिकिटात वीस घालवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

फायनल पेमेंट हा शब्द नीट लक्षात ठेवा. बुकिंगच्या वेळी थोडी रक्कम, आणि उरलेली सफरीच्या साधारण ६० ते ९० दिवस आधी. नेमकी तारीख कन्फर्मेशनवर छापलेली असते. ती कालनिर्णयवर लाल पेनने लिहा. कारण त्या तारखेपर्यंत भाव उतरला, तर पुष्कळदा फरक मिळवता येतो: कधी भाडं कमी करून, कधी त्याच पैशात वरची खोली, कधी जहाजावर खर्चायला क्रेडिट. हे आपोआप होत नाही. कोणीतरी दर आठवड्याला बघून मागावं लागतं. एजंट हे करणार का, हा प्रश्न त्याला पहिल्याच भेटीत विचारा. चेहरा बघूनच उत्तर कळेल. अनामत परत न मिळणारा स्वस्त भाव घेतला असेल, तर ही सोय बहुधा आक्रसते. जानेवारी ते मार्चमध्ये क्रूझ कंपन्यांचा विक्रीचा हंगाम असतो, त्याला वेव्ह सीझन म्हणतात. त्यात भाडं फारसं उतरत नाही, पण ग्रॅच्युइटी किंवा क्रेडिट असं काहीबाही सोबत मिळतं. तुम्ही दिवाळीनंतर बुक केलंत तर हा हंगाम तुमच्या फायनल पेमेंटच्या आधी येतो. म्हणजे जागाही धरून ठेवली आणि ऑफरही मागता आली.

‘गॅरंटी’ नावाची एक स्वस्त खोली दिसेल. नाव फसवं आहे. गॅरंटी फक्त प्रकाराची: आतली म्हणजे आतली किंवा त्याहून बरी. नंबर कंपनी नंतर देते. दोन तरुण मित्रांनी डोळे झाकून घ्यावी. तुम्ही घेऊ नका. तुमच्या दोन खोल्या दोन टोकांना, वेगवेगळ्या डेकवर येऊ शकतात, आणि रात्री आजींना चक्कर आली तर कॉरिडॉरमधून धावायचं कोणी? आजींसाठी खालच्या-मधल्या डेकवर, जहाजाच्या मध्याजवळ, लिफ्टपासून जवळ खोली घ्या. जहाज हेलकावलं तर तिथे सगळ्यात कमी जाणवतं. त्यासाठी थोडे जास्त पडले तरी द्या. बाल्कनीचा मोह मात्र सिंगापूरच्या चार रात्रींत आवरा. मुलं दिवसभर स्विमिंग पूलवर असतील आणि तुम्ही त्यांना शोधत. अलास्का किंवा नॉर्वे असेल तर बाल्कनीचे पैसे वसूल होतात, कारण तिथे बघायचं ते जहाजाच्या बाहेर आहे.

घासाघीस कुठे करायची? मूळ भाडं क्रूझ कंपनी ठरवते, एजंटाच्या हातात ते जवळजवळ नसतं. त्याला कमिशन भाड्यावर मिळतं, बंदर-करांवर नाही, म्हणजे आतल्या खोलीच्या चार रात्रींत त्याचा वाटा फार मोठा नसतो. त्यामुळे ‘भाड्यात पाच हजार सोडा’ म्हणून अडून बसण्यात अर्थ नाही. आरओई कमी करून घ्या, सर्व्हिस चार्ज काढायला सांगा, जहाजावरचं क्रेडिट मागा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: ‘या तारखेला तुमच्याकडे ग्रुपचा ब्लॉक आहे का?’ काही एजंट वर्षभर आधी दहा-वीस खोल्या जुन्या भावाने धरून ठेवतात. बाजारभाव चढल्यावर त्या खोल्या साइटपेक्षा स्वस्त पडतात, आणि इथे साइट कधीच जिंकत नाही.

साइटवरून स्वतः घेऊ का, असंही तुमच्या मनात असणार. घ्या, काही बिघडत नाही. परदेशी चलनात कार्ड वापरलंत तर साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी हा हिशोबात धरा. नावाचं स्पेलिंग चुकलं, तारीख बदलायची झाली, तर परदेशातल्या कॉल सेंटरशी तुम्हालाच बोलावं लागेल. तीन-दोन खोल्या एकमेकींना जोडून घेणं साइटवर जरा किचकट जातं, एवढंच.

एजंटाकडून घेतलंत तर पैसे फर्मच्या खात्यात भरा, आणि अनामत दिल्यावर दोन दिवसांत क्रूझ कंपनीचा बुकिंग नंबर मागा. एजंटाच्या लेटरहेडवरचा नाही, कंपनीचा. तो नंबर आणि आडनाव घालून कंपनीच्या साइटवर स्वतः बघा: पाचही नावं पासपोर्टप्रमाणे आहेत का, खोल्यांचे नंबर आहेत का, किती रक्कम पोहोचली आहे. मागे एक बाई माझ्याकडे रडवेल्या होऊन आल्या होत्या. कोणा ओळखीतल्या माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवले होते, व्हॉट्सअॅपवर सुंदर रंगीत व्हाउचर होतं आणि बुकिंग नव्हतंच. भाव सगळ्यांपेक्षा नऊ हजारांनी कमी होता. ज्या जहाजाचा भाव सगळीकडे सारखा दिसतो, तिथे एकाच माणसाला नऊ हजार कसे कमी पडतात, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

जहाजावर चढल्यानंतरचा खर्च हा भावाचाच भाग आहे, कारण कंपन्यांची बरीच कमाई तिथेच होते. दारू पीत नसाल तर ‘ड्रिंक्ससह’ असलेला भाव घेऊ नका. काही जहाजांवर तर नियमच असा, की खोलीतल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या खोलीतल्या दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. सुट्या पेयांवर १८ ते २० टक्के सेवा-शुल्क येतं. वाय-फाय महाग, पाच जणांना तर नकोच. एकाच फोनवर घ्या, नाहीतर बंदरावर उतरल्यावर सिमकार्ड आहेच. फोन एअरप्लेन मोडवर टाकायला मात्र विसरू नका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडलं, तर बिल बघून घाम फुटतो. पाणी, चहा-कॉफी, जेवण बुफेत मोफत. चहा तुम्हाला आवडणार नाही हे आत्ताच सांगते. शाकाहारी आणि जैन जेवणाची विनंती बुकिंगच्या वेळीच नोंदवा, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. आणि आजींचा प्रवास विमा काढताना त्यात क्रूझ धरली आहे का ते बघा. जहाजावरचा डॉक्टर तपासतो, पण बिल डॉलरमध्ये देतो.

व्हिसा. सिंगापूरहून निघून जहाज मलेशियात किंवा थायलंडला टेकून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा, आणि वाटेतल्या देशांचे नियम निघायच्या महिन्यात पुन्हा तपासायचे. पुढे कधी युरोपची क्रूझ काढलीत तर एक अडचण लक्षात ठेवा: शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज सफरीच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि फायनल पेमेंट तीन महिने आधी येतं. अर्ज रेंगाळवला तर व्हिसा हातात नसताना पूर्ण पैसे भरावे लागतात. शेंगेनबाहेरच्या बंदरावर, समजा तुर्कस्तानात, जहाज जाऊन परत येणार असेल तर तिथेही मल्टिपल एन्ट्रीच हवी.

विमान सफरीच्या दिवशीचं घेऊ नका, एक दिवस आधीचं घ्या. हॉटेलची एक रात्र वाढेल, पण जहाज कोणासाठी थांबत नाही आणि चुकलं तर पैसे परत नाहीत. एक्स्प्रेस-वेवर बोरघाटात अडकून मुंबईचं विमान चुकलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

शेवटी एक न विचारलेला सल्ला. घरात कोणीच कधी जहाजावर राहिलेलं नाही, आजींना समुद्र मानवतो का माहीत नाही. मग एवढे पैसे घालण्याआधी मुंबईहून सुटणारी दोन रात्रींची सफर करून बघा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकण-गोवा केलंच होतं, त्यात नवं काही नाही. यात विमान नाही, व्हिसा नाही, टीसीएस नाही. इथे मात्र ऐनवेळेचा भाव खरोखर चालतो, कारण अडवणारं काही नसतं. फक्त शुक्रवार-शनिवार सोडून मधले वार बघा. डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला पुण्याहून निघते, १०.२५ ला सीएसएमटीला पोहोचते, आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने हाकेच्या अंतरावर आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जहाजाची तारीख ठरवताना तेही बघा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि ही सफर नीट चालत नाही, तेव्हा डिसेंबर-जानेवारीतला एखादा मंगळवार-बुधवार गाठा. दोन खोल्या, तीन आणि दोन. सिंगापूरचं बुकिंग त्याआधीच करून ठेवा; फक्त अनामत परत मिळणाऱ्या भावाचं घ्या, म्हणजे आजी दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर येऊन ‘पुन्हा नको गं बाई’ म्हणाल्या, तर फायनल पेमेंटच्या आधी सुटका करून घेता येईल.